परदेशी शाळेत शिकवायला निघालात? आधी नाव जुळवा, मग शिक्के मारा

मी गणिताची शिक्षिका. कुडाळहून आधी ओमानमधल्या मस्कतला गेले, मग अमिरातीतल्या शारजाला. त्यानंतर आमच्या भागातल्या वीसेक शिक्षकांचे कागद मी स्वतः बसून लावून दिले. दर वर्षी डिसेंबर उजाडला की फोन सुरू होतात, कारण आखातातल्या सीबीएसई शाळांचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते. आणि दर वर्षी तेच ऐकते: "ताई, एजंट म्हणाला आधी डिग्रीवर शिक्के मारून घ्या, बाकीचं मागाहून बघू." शिक्के म्हणजे कागद खरा आहे अशी सरकारी पडताळणी. ती आधी आणि बाकीचे मागाहून, हा सल्ला चुकीचा आहे. त्यापायी माणसांच्या नोकऱ्या गेल्या आहेत. माझीही गेली आहे.

पासपोर्ट, बी.एड., अनुभवाचे दाखले आणि ऑनलाइन मुलाखत इथपर्यंत तुम्ही आला आहात असे धरते. एजंटमार्फत जात असाल तर तो ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर नोंदलेला आहे का, ते पाहा. त्याला तुमच्याकडून ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढेच घेता येतात. दीड लाख मागणाऱ्याच्या दारातून परत फिरा.

आता खरे काम. कागद लावायला घेण्याआधी पासपोर्ट, दहावीचे प्रमाणपत्र, पदवी, बी.एड. आणि सगळ्या गुणपत्रिका एका टेबलावर मांडा. प्रत्येकावरचे नाव अक्षर न् अक्षर वाचून वहीत एकाखाली एक लिहा. आपल्याकडे एकाच माणसाची चार नावे निघतात. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे, वडिलांचे आणि कधी शेवटी आईचेही नाव असते. पासपोर्टला मात्र दोनच रकाने, आडनाव आणि दिलेले नाव. दाखल्यावर प्रभुदेसाई असलेला माणूस पदवीवर नुसता देसाई असतो. सावंत-भोसलेंचे अर्धे आडनाव कुठल्यातरी फॉर्ममध्ये गळून पडलेले असते. इंग्रजी स्पेलिंगमध्ये गणपतचा एक 'ए' कमी किंवा जास्त असतो. इथे खिडकीतल्या क्लार्कला तो फरक दिसत नाही, तिथे व्हिसाच्या संगणकाला दिसतो. पासपोर्टवर आडनावाचा रकाना कोरा असेल तर पासपोर्ट आधी दुरुस्त करा. एकच नाव असलेल्या पासपोर्टवर व्हिजिट व्हिसा घेऊन येणाऱ्यांना संयुक्त अरब अमिरातीने २०२२ पासून प्रवेश नाकारला आहे.

बायकांचा प्रश्न याहून अवघड. माझा पासपोर्ट लग्नानंतर निघाला. फॉर्म भरणारा म्हणाला, "लग्न झालंय ना, मग सासरचंच नाव लागतं." मी लावले. पदवी आणि बी.एड. दोन्ही माहेरच्या नावाने. मस्कतच्या एका शाळेत निवड झाली, मी पदवीवर शिक्के मारून घेतले आणि स्कॅन पाठवले. तिकडून उत्तर आले: हे कागद कोणाचे? दोन्ही नावे एकाच बाईची आहेत हे सांगणारा एकही सरकारी कागद माझ्याकडे नव्हता, कारण लग्नाची नोंदच केलेली नव्हती. मग ग्रामपंचायतीत नोंद, दाखला, त्यावर राज्याचा शिक्का, त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचा. हे होईतो एप्रिल उलटला आणि त्या जागेवर दुसरी शिक्षिका रुजू झाली. मी पुढच्या वर्षी गेले, दुसऱ्या शाळेत.

म्हणून अजून पासपोर्ट काढला नसेल तर माझे मत स्पष्ट आहे: पदवी ज्या नावाने आहे त्याच नावाने काढा. लग्नानंतर पासपोर्टवर नाव बदलायची सक्ती कुठल्याही नियमात नाही. सासरी कोणी नाराज झाले तर त्यांना हा परिच्छेद वाचून दाखवा. नाव आधीच बदललेले असेल तर विवाह नोंदणीचा दाखला पहिल्या दिवशी काढा आणि पदवीबरोबर त्यावरही शिक्के घ्या. पुढे नवऱ्याला किंवा मुलांना न्यायचे झाले तर तोच दाखला पुन्हा लागतो, मुलांच्या जन्मदाखल्यासह. स्पेलिंगचा किंवा आडनावाचा फरक असेल तर नुसत्या प्रतिज्ञापत्रावर विसंबू नका. राज्य शासनाच्या राजपत्रात नावाची जाहिरात द्या. त्यात काही आठवडे जातात, म्हणून ते डिसेंबरच्याही आधी.

नाव जुळले की शिक्के, आणि त्यांचा क्रम मोडत नाही. पहिली पायरी विद्यापीठाची पडताळणी. रत्नागिरी-सिंधुदुर्गातली बहुतेक महाविद्यालये मुंबई विद्यापीठाची, त्यामुळे काम कलिन्याच्या परीक्षा विभागात. रात्रीच्या कोकणकन्येने निघा आणि परतीचे तिकीट त्याच दिवसाचे काढू नका. दुसरी पायरी राज्य शासनाची: शैक्षणिक कागद उच्च व तंत्रशिक्षण विभागाकडे जातात, विवाह आणि जन्माचे दाखले वेगळ्या खिडकीवर. तिसरी परराष्ट्र मंत्रालय. तिथे माणसाने थेट जाऊन चालत नाही, मंत्रालयाने नेमलेल्या संस्थांमार्फत कागद द्यावा लागतो.

इथे देशागणिक रस्ता फुटतो. भारत २००५ पासून हेगच्या अपोस्टिल करारात आहे, म्हणजे एका सदस्य देशाने खरा ठरवलेला कागद दुसऱ्यात तसाच चालतो. ओमान आणि बहरीनही त्यात आहेत, सौदी अरेबिया २०२२ मध्ये आला. या देशांसाठी पदवीच्या पाठीवर अपोस्टिलचा क्रमांक असलेला स्टिकर लागला की भारतातले काम संपते. अमिरात, कतार आणि कुवेत करारात नाहीत. तिथे जाणाऱ्यांना मंत्रालयाच्या शिक्क्यानंतर त्या देशाच्या दूतावासाचा शिक्का लागतो आणि तिथे पोचल्यावर त्यांच्या परराष्ट्र खात्याचा. ओमानसाठी केलेले कागद मी तसेच शारजाला नेता येतील असे समजले होते, तेव्हा पुन्हा धावपळ झाली. देश पक्का झाल्याशिवाय तिसऱ्या पायरीला हात लावू नका.

पदवी लॅमिनेट करू नका. शिक्के तिच्या पाठीवरच बसतात, आणि प्लास्टिक सोलताना कागद फाटलेला मी पाहिला आहे. आपल्याकडे पावसाळ्यात कपाटातल्या कागदांना बुरशी धरते म्हणून लोक लॅमिनेशन करतात, ती काळजी खरी आहे. पण त्यावर घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा पुरतो. मूळ पदवी कोणाच्याही हाती देताना सहीची पोच घ्या. आणि "चार दिवसांत सगळे शिक्के" म्हणणाऱ्याला पदवी देऊच नका. अपोस्टिलचा क्रमांक ऑनलाइन तपासता येतो. खोटा निघाला तर एजंट नामानिराळा राहतो, नाव तुमचे जाते.

कराराच्या कागदात चार गोष्टी लेखी पाहा: राहायची सोय किंवा भाडे, वर्षाचे तिकीट, प्रोबेशनचा काळ आणि ग्रॅच्युइटी. अमिरातीत प्रोबेशन जास्तीत जास्त सहा महिने, आणि व्हिसाचा खर्च शाळेने करायचा असतो. "व्हिजिट व्हिसावर या, इथे बदलून घेऊ" म्हणणाऱ्या शाळेला नकार द्या. रुजू झाल्यावर पासपोर्ट कार्यालयात ठेवून घेत असतील तर परत मागा, तो तुमच्याकडेच राहायला हवा.

बॅग तुम्हाला भरता येते, पण एक गोष्ट आईला आणि सासूबाईंना बसवून सांगा. अमिरातीत आणि कतारमध्ये खसखस बंदी असलेला पदार्थ आहे, आणि ती सापडल्यामुळे लोक तुरुंगात गेले आहेत. आपल्या मालवणी मसाल्यात बऱ्याच घरी खसखस असते, अनारशांवर तर असतेच. मसाला न्यायचा तर खसखशीशिवाय वेगळा कांडून घ्या. कोडीन असलेले खोकल्याचे औषध आणि ट्रामाडॉलच्या गोळ्याही नेऊ नका. आमसुले, तिरफळे, कुळथाचे पीठ खुशाल न्या. शिक्क्यांचे मूळ कागद हातातल्या बॅगेत, सामानात नाही.

राहिली सुट्टी. तिकडची मोठी सुट्टी जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे तुम्ही घरी याल ते भर पावसात. शाळा ऑगस्टअखेर उघडते आणि गणपती बहुतेकदा त्यानंतर बसतात. पहिल्या वर्षी त्यासाठी रजा मागू नका, प्रोबेशन चालू असते. चतुर्थीला घरी नसण्याचे दुःख काय असते ते मला ठाऊक आहे, मी सहा वर्षे आरती फोनवर ऐकली. घरच्यांना हे निघायच्या आधीच सांगा, विमानतळावर नाही.