संस्थानी काळातील रोल्स-रॉइसचा मालकी आणि दुरुस्तीचा इतिहास कसा तपासावा

संस्थानिकांच्या काळातील एखादी रोल्स-रॉइस विकत घ्यायची असेल किंवा घरात वर्षानुवर्षे उभी असलेली पुन्हा रस्त्यावर आणायची असेल, तर ती गॅरेजमध्ये नेण्यापूर्वी तिचा इतिहास तपासून घ्यावा. या तपासात आधी लोखंड पाहावे, मग कागद पाहावेत, आणि घराण्यातून ऐकत आलेल्या कथा सर्वांत शेवटी विचारात घ्याव्यात. बहुतेक जण नेमके उलटे करतात. ‘ही अमुक महाराजांची गाडी’ एवढे ऐकले की त्याला साजेसेच पुरावे त्यांना दिसू लागतात.

सुरुवात चासी (गाडीची तळची लोखंडी चौकट) क्रमांक आणि इंजिन क्रमांक यांपासून करावी. इंजिन आणि बैठक यांमधील पुढच्या आडभिंतीवरील पत्रीवर क्रमांक असतो, परंतु पत्री बदलणे सोपे असल्याने चौकटीवर ठोकलेला क्रमांक शोधणे आवश्यक आहे. त्यावर साचलेले ग्रीस आणि मळी रॉकेल व मऊ ब्रशने काढावी. ग्राइंडर किंवा तारेचा ब्रश मुळीच लावू नये, कारण अक्षरांच्या कडा एकदा घासल्या गेल्या की त्या खऱ्या होत्या की नव्याने ठोकलेल्या, हे नंतर कोणालाही सांगता येत नाही. टॉर्चचा उजेड तिरका पाडून छायाचित्र घ्यावे आणि आरटीओत घेतात तसा पेन्सिलचा ठसाही घ्यावा. १९३६ ते १९३९ या काळातील फँटम थ्री हे मॉडेल असेल, तर क्रमांकाची सुरुवात ३ या आकड्याने होते, मग दोन अक्षरे आणि त्यानंतर अनुक्रमांक येतो. कंपनीने आपल्या मालिकांमध्ये १३ हा अनुक्रमांक टाळला होता, ही बारीकशी गोष्टही बनावट क्रमांक ओळखताना उपयोगी पडते.

क्रमांक हाती आला की इंग्लंडमध्ये नॉर्थॅम्प्टनशायरमधील पॉलर्सपरी येथील हंट हाउस या रोल्स-रॉइस शौकिनांच्या क्लबच्या मुख्यालयातील अभिलेखांशी पत्रव्यवहार करावा. युद्धपूर्व गाड्यांची चासी कार्डे तेथे जपलेली आहेत. मूळ ग्राहकाचे नाव, इंजिन क्रमांक, कोचबिल्डर (गाडीची बॉडी बांधणारा कारखाना) आणि रवानगीची तारीख यांसारखे तपशील त्यांतून मिळतात. गाडी कोणत्या देशात वापरायची आहे, याचीही नोंद अनेकदा आढळते. मात्र दुसऱ्या महायुद्धापूर्वी कंपनी चासी आणि इंजिन एवढेच विकत असे. बॉडी बार्कर, हूपर, थ्रप अँड मेबर्ली यांसारखे कोचबिल्डर बांधत. त्यामुळे एकाच गाडीचे दोन इतिहास असतात आणि चासी अस्सल ठरली म्हणून बॉडीही अस्सल ठरत नाही. बंदिस्त लिमोझिनची बॉडी उतरवून त्या जागी उघडी टूरर बसवण्याचे प्रकार पुष्कळ झाले आहेत, कारण उघड्या गाडीला भाव अधिक येतो.

बॉडीची परीक्षा म्हणूनच सर्वांत सावकाश करावी. डॅशबोर्डच्या खाली किंवा दाराच्या बिजागरीमागे, सहज न दिसणाऱ्या जागी, रुपयाच्या नाण्याएवढा गोल ओल्या पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासावा. वरचा रंग, त्याखालचा जुना रंग, मग प्रायमर आणि शेवटी ॲल्युमिनियम अशी वलये एकामागून एक उघडी पडतात. हीच चाचणी दारे, मडगार्ड आणि मागचा भाग येथेही करावी. एखाद्या पत्र्यावर तळाचा रंगच नसेल, तर तो पत्रा बदलला आहे किंवा खरवडून कोरा केला आहे, असे समजावे. बैठकीचे आणि दारांचे अस्तर सोडवल्यावर आतील लाकडी सांगाड्यावर कोचबिल्डरचा बॉडी क्रमांक सापडू शकतो. हा सांगाडा सहसा ॲश लाकडाचा असे. मधेच साग दिसला, तर तो भाग इकडच्या सुताराने केव्हा बसवला याची चौकशी करावी. फुलीचे स्क्रू आणि मेट्रिक आट्यांचे बोल्ट हे नंतरच्या हाताचे काम, हे तर उघडच आहे. तो दोष मानू नये. फक्त त्याची नोंद करावी.

कागदांच्या बाबतीत भारतातील दोन वळणे लक्षात ठेवावीत. १९४७ नंतरच्या विलीनीकरणात संस्थाने गेली आणि १९७१ साली तनखे बंद झाले. या काळात असंख्य गाड्या विकल्या गेल्या आणि पुष्कळ परदेशीही गेल्या. राजकोटच्या ठाकोरसाहेबांसाठी १९३४ साली थ्रप अँड मेबर्लीने बांधलेली ‘स्टार ऑफ इंडिया’ ही फँटम टू अशीच देशाबाहेर गेली होती. २०१० च्या लिलावात ती त्याच घराण्याने परत मिळवली. संस्थानाचे दप्तर कोल्हापूरसारख्या पुराभिलेखागारात असेल, तर खाजगीकडील (राजघराण्याच्या खासगी खात्याचा) खर्च आणि मोटारखाना यांच्या नोंदी मागाव्यात. मिरवणुकीची जुनी छायाचित्रेही पाहावीत. कोल्हापूरच्या दसऱ्यातील छत्रपती घराण्याची मेबॅक आजही लोकांसमोर येते. अशा गाडीचे वेगवेगळ्या दशकांतील फोटो मिळणे त्या मानाने सोपे असते. फोटोत दिवे, पायफळी, सुटे चाक कोठे बसवले आहे आणि नंबरप्लेट यांची तुलना करावी. चेहरे पाहून गाडी ठरवू नये.

जुन्या दुरुस्तीचा इतिहास लिहिताना जपणूक (आहे तसे टिकवणे), जीर्णोद्धार (मूळ रूपात परत आणणे) आणि पुनर्बांधणी (भाग नव्याने बांधणे) या तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. गॅरेजची बिले, सुट्या भागांच्या पावत्या आणि कामाआधीचे फोटो यांवरून कोणता भाग कोणत्या वर्षी बदलला, हे तारखेनिशी मांडावे. ज्या वर्षांची माहिती नाही, ती वर्षे कोरीच सोडावीत. कोऱ्या दहा वर्षांपेक्षा अंदाजाने भरलेली दोन वर्षे खरेदीदाराला अधिक खटकतात.

हे टिपण नोंदणीच्या वेळीही कामास येते. २०२१ साली केंद्राने काढलेल्या नियमांनुसार विंटेज म्हणून नोंदणीसाठी गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात असावी लागते, म्हणजेच चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला चालत नाही. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये असून ती १० वर्षे चालते, नूतनीकरणाला ५ हजार लागतात आणि नंबरप्लेटवर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. आधीपासून नोंदलेल्या गाडीला जुना क्रमांक ठेवता येतो. शिवाय जो विक्रेता चासी क्रमांकाचा ठसा घेऊ देण्यास कां-कूं करतो, त्याच्याशी व्यवहार पुढे नेऊ नये.