फ्लाइट लेट झाली किंवा कॅन्सल झाली तर एअरलाइनकडून पैसे कसे मागायचे

फ्लाइट चार-पाच तास लेट होते, काउंटरवर एक सँडविच आणि पाण्याची बाटली हातात ठेवतात, आपण तेवढ्यावर गप्प बसतो, घरी पोचल्यावर दोन दिवस चिडचिड करतो आणि मग विसरून जातो. असं करू नका हो. बऱ्याच ठिकाणी कायद्याने भरपाईचे आकडे ठरवून दिलेत आणि ते मिळवायला सहसा वकील लागत नाही, पुरावा लागतो, आणि पुरावा गोळा करायची खरी वेळ असते ती एअरपोर्टवर ताटकळत बसलेलो असतो तेव्हाच.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, कारण इथेच निम्मे लोक फसतात. तुमचे हक्क तीन आहेत आणि तिन्ही वेगवेगळे आहेत. एक म्हणजे थांबावं लागतंय तोपर्यंत खाणंपिणं, रात्र काढायची वेळ आली तर हॉटेल आणि तिथपर्यंत न्यायची-आणायची सोय. दुसरा, तिकिटाचे पैसे परत किंवा दुसऱ्या फ्लाइटने पोचवणं. तिसरा, झालेल्या त्रासाची रोख भरपाई. एअरलाइनवाले हे तिन्ही एकात मिसळून बोलतात, "तुम्हाला हॉटेल दिलं ना, मग आता काय", असं. हॉटेल दिलं म्हणून भरपाईचा हक्क जात नाही, आणि भरपाई बसत नसली तरी जेवण-हॉटेल द्यायचं टळत नाही. २०१० मध्ये आइसलँडच्या ज्वालामुखीची राख पसरून युरोपातली विमानं कितीतरी दिवस बंद होती, त्यात अडकलेल्या एका प्रवासी बाईंची केस युरोपियन कोर्टापर्यंत गेली आणि २०१३ मध्ये कोर्टाने सांगितलं की कारण कितीही मोठं असलं तरी प्रवाशाच्या खाण्याराहण्याची जबाबदारी एअरलाइनचीच.

आता एअरपोर्टवर काय करायचं ते. गेटवरच्या माणसाला शांतपणे विचारा, उशीर कशामुळे आहे, आणि ते लेखी मागा. लेखी देत नसतील, आणि बहुतेक वेळा देत नाहीत, तर अनाउन्समेंट मोबाइलवर रेकॉर्ड करा, आलेला एसएमएस किंवा ॲपवरचं नोटिफिकेशन याचा स्क्रीनशॉट काढा. डिपार्चर बोर्डचा फोटो काढा आणि फक्त आपल्या फ्लाइटची ओळ नको, आख्खा बोर्ड येऊ दे. बोर्डिंग पास टाकू नका, मोबाइलवर असेल तर त्याचाही स्क्रीनशॉट घ्या कारण प्रवास झाल्यावर ॲपमधून तो गायब होतो. एअरलाइनने जेवण दिलं नाही आणि तुम्ही स्वतःच्या खिशातून घेतलं तर प्रत्येक बिल जपून ठेवा, साधं ठेवा, महागडं हॉटेल आणि दारूची बिलं लावाल तर ती नाकारली जातात.

आख्खा बोर्ड का म्हणतोय ते सांगतो. युरोपातल्या एका एअरपोर्टवरून माझी रात्रीची लांबची फ्लाइट होती, गेटवर सांगितलं की ब्रेकचा पार्ट बदलायचाय, तसा एसएमएस पण आला, आणि आम्ही साडेचार तास उशिरा पोचलो. क्लेम केला तर तीन आठवड्यांनी उत्तर आलं, खराब हवामानामुळे उशीर झाला, भरपाई देता येणार नाही, क्षमस्व. मी त्या रात्री काढलेला बोर्डचा फोटो पाठवला, त्यात आमच्या वरच्या आणि खालच्या ओळीतल्या अकरा फ्लाइट वेळेवर सुटलेल्या दिसत होत्या, सोबत तो पार्टवाला एसएमएस जोडला आणि एवढंच विचारलं की हवामान फक्त आमच्याच विमानापुरतं खराब होतं का. बारा दिवसांत माणशी ६०० युरो जमा झाले. फोटो नसता तर माझा शब्द विरुद्ध त्यांचा शब्द, एवढंच उरलं असतं.

आणि उतरताना वेळ बघा. हे फार कमी लोकांना माहीत असतं. युरोपच्या नियमात उशीर मोजतात तो निघण्याचा नाही, पोचण्याचा, आणि पोचण्याची वेळ म्हणजे चाकं रनवेला टेकली ती नाही तर विमानाचा दरवाजा उघडला ती. २०१४ चा कोर्टाचा निकाल आहे. विमान २ तास ५० मिनिटांनी उतरलं आणि गेटला लागून दरवाजा उघडायला अजून पंधरा मिनिटं गेली तर तुम्ही तीन तासांच्या पुढे गेलात. दरवाजा उघडला की मोबाइलवर घड्याळाचा स्क्रीनशॉट घ्या, दोन सेकंदाचं काम आहे.

मग पुढचा प्रश्न, तुमच्या फ्लाइटला कुठला नियम लागतो. हे तुमच्या पासपोर्टवर ठरत नाही, विमान कुठून कुठे गेलं आणि ते कुणाचं होतं यावर ठरतं. युरोपियन युनियनमधून सुटणारी कुठलीही फ्लाइट, एअरलाइन कुठल्याही देशाची असो, २००४ च्या २६१ नंबरच्या नियमात येते. बाहेरून युरोपात जाणारी फ्लाइट मात्र एअरलाइन युरोपियन असेल तरच. आइसलँड, नॉर्वे आणि स्वित्झर्लंड पण यात धरतात. त्यामुळे जाताना हक्क नव्हता आणि येताना आहे असं एकाच ट्रिपमध्ये होऊ शकतं. आकडे असे आहेत: १,५०० किलोमीटरपर्यंत २५० युरो, ३,५०० पर्यंत ४०० युरो, त्याच्या पुढे ६०० युरो. युनियनच्या आतल्या आत कितीही लांब गेलात तरी ४००च. पोचायला तीन तास किंवा जास्त उशीर झाला पाहिजे, आणि ६०० वाल्या अंतरात उशीर तीन ते चार तासांमध्ये असेल तर निम्मे देता येतात. तिकीट किती स्वस्तात काढलं होतं याचा संबंध नाही, पन्नास युरोच्या तिकिटावर पण २५० मिळतात. कॅन्सल झाली आणि तुम्हाला १४ दिवसांच्या आत कळवलं असेल तरी हेच आकडे, फक्त पर्यायी फ्लाइटने जवळपास वेळेवर पोचवलं असेल तर नाही. ब्रिटनने बाहेर पडल्यावर हाच नियम आपल्या कायद्यात घेतला, तिथे २२०, ३५० आणि ५२० पाउंड. हे नियम बदलायची चर्चा युरोपात सुरू आहे, तेव्हा अर्ज करायच्या दिवशी त्या वेळचे आकडे एकदा बघून घ्या.

भारतातून किंवा भारतातल्या भारतात उडत असाल तर डीजीसीएचे, म्हणजे विमान वाहतुकीवर लक्ष ठेवणाऱ्या आपल्या सरकारी संस्थेचे नियम. इथे नुसत्या उशिराला रोख भरपाई नाही हे आधीच सांगून ठेवतो, उगाच आशा नको. उशिराला काय आहे, तर ठरावीक तासांनंतर खाणंपिणं, सहा तासांच्या पुढे गेलं की दुसरी फ्लाइट किंवा पूर्ण रिफंड यातलं एक निवडायचा हक्क, आणि २४ तासांच्या वर उशीर असेल किंवा रात्री ८ ते पहाटे ३ मधली फ्लाइट सहा तासांहून जास्त लेट असेल तर हॉटेल. रोख मिळते ती शेवटच्या २४ तासांत कळवून किंवा न कळवताच कॅन्सल केली तर, एक तासापर्यंतच्या फ्लाइटला ५,००० रुपये, दोन तासांपर्यंत ७,५००, त्याच्या वर १०,०००, किंवा मूळ भाडं आणि फ्युएल चार्ज, यात जे कमी असेल ते. तिकीट कन्फर्म असताना जागा नाही म्हणून उतरवलं तर त्याचे वेगळे पैसे आहेत, एका तासात दुसरी फ्लाइट दिली तर काही नाही, २४ तासांत दिली तर भाड्याच्या दुप्पट पण जास्तीत जास्त १०,०००, त्याहून उशीर झाला तर चौपट, जास्तीत जास्त २०,०००. आणि एक बारीक अट बघा: बुकिंगमध्ये तुमचा संपर्क नीट दिलेला नसेल तर कॅन्सलेशनची भरपाई मागता येत नाही. एजंटकडून तिकीट काढलं की तो सवयीने स्वतःचाच मोबाइल नंबर टाकतो. तिकीट हातात आलं की आधी नंबर आणि ईमेल आपला आहे ना ते बघा, नसेल तर एअरलाइनच्या साइटवर जाऊन बदला.

अमेरिकेत उशिराला ठरलेली भरपाई नाही, पण २०२४ च्या नियमाने रिफंड पक्का झालाय. फ्लाइट कॅन्सल झाली, किंवा देशातली तीन तास आणि आंतरराष्ट्रीय सहा तास किंवा त्याहून जास्त सरकली, आणि तुम्ही जायचं नाही ठरवलं तर पैसे परत, क्रेडिट कार्डवर ७ कामकाजाच्या दिवसांत. कॅनडात मोठ्या एअरलाइनकडून तीन तास किंवा जास्त उशिराला ४००, सहा किंवा जास्तला ७०० आणि नऊ किंवा जास्तला १,००० कॅनेडियन डॉलर, पण कारण एअरलाइनच्या हातातलं पाहिजे आणि अर्ज एका वर्षाच्या आत.

यातलं काहीच लागत नसेल आणि प्रवास आंतरराष्ट्रीय असेल तर १९९९ चा मॉन्ट्रियल करार बघा, खूप देशांनी तो मान्य केलाय. तिथे ठरलेली रक्कम नाही, उशिरामुळे प्रत्यक्ष जेवढं नुकसान झालं तेवढं मागायचं, बुडालेलं हॉटेल बुकिंग, पुढचं वेगळं काढलेलं तिकीट वगैरे, म्हणजे बिलं नाहीत तर काही नाही. दावा दोन वर्षांच्या आत. बॅगेचं पण यातच येतं, फुटली-तुटली तर ७ दिवसांत लेखी तक्रार, उशिरा मिळाली तर मिळाल्यापासून २१ दिवसांत, आणि ती मिळाली नाही असं दिसल्याबरोबर बेल्टजवळच्या काउंटरवर रिपोर्ट लिहून घेतल्याशिवाय एअरपोर्टच्या बाहेर पाऊल टाकू नका.

अर्ज कुणाकडे करायचा? ज्यांनी विमान उडवलं त्यांच्याकडे. तिकीट एका कंपनीकडून आणि विमान दुसऱ्याचं असं खूपदा असतं, बोर्डिंग पासवर "द्वारा संचालित" अशा अर्थाची बारीक ओळ असते ती वाचा. एअरलाइनच्या साइटवर फॉर्म असतो, तो भरा, पण त्याची प्रत ईमेलने पण पाठवा म्हणजे तारीख आपल्या हातात राहते. पत्र छोटं ठेवा. फ्लाइट नंबर, तारीख, बुकिंग नंबर, सगळ्या प्रवाशांची नावं, ठरलेली पोचायची वेळ, खरी वेळ, कुठल्या नियमाखाली किती रक्कम मागताय तो आकडा, बँकेचा तपशील, आणि उत्तरासाठी मुदत, १४ किंवा ३० दिवस. तुम्हाला किती मनस्ताप झाला, मावशींचं लग्न कसं हुकलं, हे लिहू नका, फॉर्म वाचणाऱ्याला त्याचा उपयोग नसतो. "आम्हाला योग्य ती भरपाई द्यावी" असं मोघम तर मुळीच नको, आकडा लिहा. भरपाई माणशी असते, त्यामुळे तिकीट काढलेल्या मुलांची नावं पण घाला. कनेक्टिंग फ्लाइट एकाच बुकिंगमध्ये असेल तर उशीर शेवटच्या मुक्कामाचा धरायचा, पहिली फ्लाइट चाळीस मिनिटंच लेट होती पण तिच्यामुळे पुढची चुकली आणि सात तास उशिरा पोचलात तर तो सात तासांचा क्लेम आहे. दोन तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर हे चालत नाही.

आता नकार. पहिलं उत्तर नकाराचं आलं तर ते शेवटचं समजू नका. "असाधारण परिस्थिती" हा शब्द त्यात हमखास असतो. वादळ, एअर ट्रॅफिक कंट्रोलचा संप, पक्षी धडकणं, हे खरोखर असाधारण. पण विमानातला नेहमीचा तांत्रिक बिघाड असाधारण नाही, हे २००८ पासून ठरलेलं आहे, आणि एअरलाइनच्या स्वतःच्या स्टाफने पगारासाठी केलेला संप पण नाही. स्टाफ कमी होता, आधीचं विमान लेट आलं, हीसुद्धा आपोआप चालणारी कारणं नाहीत, आधीचं विमान का लेट आलं हे विचारा. फ्लाइट ट्रॅकिंगच्या साइटवर तेच विमान दिवसभर कुठे-कुठे होतं ते बघता येतं, एअरपोर्टचे जुने हवामान रिपोर्ट पण नेटवर मिळतात. मुद्दा हा की असाधारण कारण सिद्ध करायची जबाबदारी त्यांची आहे. लेखी विचारा: नक्की काय घडलं, किती वाजता, आणि टाळण्यासाठी तुम्ही काय केलंत.

व्हाउचर देऊ केलं तर लगेच हो म्हणू नका. युरोपच्या नियमात तुमच्या सहीच्या संमतीशिवाय पैशांऐवजी व्हाउचर देता येत नाही, आणि ॲपमध्ये घाईत "स्वीकारा" दाबलं तर नंतर भांडायला जागा उरत नाही. रक्कम रोखीच्या दीडपट वाटली तरी मुदत, अटी आणि पुन्हा त्याच एअरलाइनने जायचंय का, हे आधी बघा.

तरीही ऐकत नसतील तर वरच्या पायरीवर जा. युरोपात प्रत्येक देशात यासाठी सरकारी यंत्रणा असते, ज्या देशातून उडालात तिथल्या यंत्रणेकडे तक्रार करायची. ब्रिटनमध्ये तडजोड करून देणाऱ्या संस्था आणि स्मॉल क्लेम कोर्ट. अमेरिकेत वाहतूक खात्याकडे. भारतात आधी एअरलाइनचा नोडल ऑफिसर, म्हणजे तक्रारींसाठी नेमलेला अधिकारी, मग विमानप्रवासाच्या तक्रारींचं सरकारी एअरसेवा पोर्टल, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि शेवटी ग्राहक आयोग, तिथे दोन वर्षांची मुदत आहे. क्लेम करून देणाऱ्या कंपन्या पण असतात, त्या मिळालेल्या पैशांतून पाव ते एक तृतीयांश घेतात, कोर्टात गेलं तर निम्म्यापर्यंत. स्वतः दोन ईमेल करून बघा, नाहीच जमलं तर त्यांच्याकडे जा, आधी नको.

आणि हे वाचताना मागची एखादी फ्लाइट आठवली असेल तर ती पण चालते. युरोपच्या नियमात क्लेमची मुदत त्या-त्या देशाच्या कायद्याने ठरते, जर्मनीत तीन वर्षं, फ्रान्स आणि स्पेनमध्ये पाच, आणि ब्रिटनमध्ये, म्हणजे इंग्लंड आणि वेल्सला, सहा. जुन्या ईमेलमध्ये एअरलाइनचं नाव टाकून शोधा, बुकिंग नंबर तिथेच सापडेल.