गाडीत पेट्रोलचा वास येतोय? गळती कुठे आहे ते असं शोधा

टाकी भरून आल्यावर थोडा वेळ वास आला तर चालतं, झाकणाजवळ सांडलेलं असतं ते उडून जातं. पण रोज सकाळी दार उघडलं की वास, एसी लावला की वास, असं असेल तर ती गळतीच समजायची आणि त्याच दिवशी बघायची. परफ्युम लावून दाबायचा हा वास नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती वर निघून जात नाही, गाडीखाली आणि बेसमेंट पार्किंगमध्ये जमिनीलगत साचत राहते, आणि हवेत साधारण दीड टक्का झाली तरी एका ठिणगीने पेटते.

त्यामुळे सगळ्यात आधी हे बघा. वास जोरात असेल किंवा गाडीखाली थेंब दिसत असतील तर चावी फिरवूच नका, ढकलून उघड्यावर आणा आणि टो करून गॅरेजला न्या. चालवताना अचानक आला तर बाजूला घ्या, इंजिन बंद, मुलाबाळांसकट सगळे खाली उतरा आणि लांब उभे राहा.

वास हलका असेल तर लगेच पाने घेऊन बसू नका, आधी गेले काही दिवस तो कधी कधी आला ते आठवा. माझ्या मते निम्मं काम इथेच होतं, कारण मेकॅनिकला नुसतं "वास येतोय" सांगितलं की तो अंदाजाने एकेक पार्ट बदलत जातो आणि बिल वाढत जातं.

टाकी फुल केली की वास आणि अर्धी झाली की गायब, असं असेल तर गळती टाकीच्या वरच्या बाजूला आहे. बऱ्याच हॅचबॅक गाड्यांमध्ये मागची सीट उचलली की खाली एक पत्र्याचं झाकण असतं, त्याच्या खाली फ्युएल पंप, आणि त्या पंपाची रबरी रिंग फुगलेली नाहीतर चिरलेली असते. पंप बदलताना जुनीच रिंग परत बसवली की हमखास असं होतं. फिलरची, म्हणजे पेट्रोल भरायची जाड नळी आणि तिच्या शेजारची हवेची बारीक नळी पण बघा. टाकीचं झाकण उघडून आतलं रबर कडक झालंय का तेही बघा, हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

पेट्रोल पंपावर ऑटो कट झाल्यावर राउंड फिगरसाठी आणखी भरायची सवय असेल तर ती आजच सोडा. टाकीतली वाफ कोळशाच्या एका डब्यात, म्हणजे कॅनिस्टरमध्ये साठते आणि इंजिन ती तिथून ओढून जाळतं, पण त्या डब्यात वाफेऐवजी द्रव पेट्रोलच गेलं की कोळसा खराब होतो आणि मग वास कायमचा मागे लागतो.

सकाळी, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर पुढून वास येत असेल तर इंजेक्टरच्या रेलकडे, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणारे इंजेक्टर ज्या नळीवर बसतात तिकडे बघा. इंजिन बंद झालं तरी लाइनमध्ये प्रेशर राहतं आणि इंजेक्टरची ओ-रिंग, म्हणजे गोल रबरी रिंग, जुनी असेल तर तिथून हळूहळू पाझरतं. बॉनेट उघडून टॉर्च आधीच चालू करून धरा, दुसऱ्या कुणाला तरी चावी फक्त ऑनपर्यंत फिरवायला सांगा, स्टार्ट नाही करायची, पंप दोन-तीन सेकंद चालेल तेवढ्यात बघायचं. ओलं दिसेलच असं नाही कारण पेट्रोल लगेच उडतं, म्हणून धुळीत धुतल्यासारखा स्वच्छ पट्टा शोधा. पावसाळ्यात उंदीर बॉनेटमध्ये शिरून नळ्या कुरतडतात, त्यामुळे दातांच्या खुणा पण बघाच.

एसीला बाहेरची हवा घेतली की वास आणि आतली हवा फिरवली की कमी, म्हणजे गळती बॉनेटखाली, कारण बाहेरची हवा काचेच्या खालूनच आत ओढली जाते. उलट असेल तर मागच्या सीटकडे जा.

वास फक्त सायलेन्सरमधून असेल, ॲव्हरेज पडलं असेल, स्पार्क प्लग काळे निघत असतील तर पेट्रोल गळत नाहीये, जास्त जळतंय किंवा न जळता बाहेर पडतंय. गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावून बिघाडाचा कोड बघा, पी०१७२ आला तर मिश्रण रिच, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त आहे, पी०४४२ किंवा पी०४५५ आला तर वाफेच्या लाइनमध्ये गळती. इंजिन ऑइलची डिपस्टिक, म्हणजे लेव्हल बघायची पट्टी पण हुंगून बघा, पेट्रोलचा वास असेल आणि लेव्हल वाढलेली असेल तर गाडी चालवू नका, पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खाऊन टाकतं.

आता दुरुस्ती. पंप उघडायचं काम किंवा रेलचं काम हात बसलेला नसेल तर गॅरेजलाच द्या. एखादी साधी नळी स्वतः बदलणार असाल तर इंजिन थंड पाहिजे, जागा उघडी पाहिजे, जवळ पावडरचा फायर एक्स्टिंग्विशर पाहिजे. पंपाचा फ्युज काढून गाडी स्टार्ट करा, ती आपोआप बंद पडेल, म्हणजे प्रेशर उतरलं, मग बॅटरीची निगेटिव्ह तार काढा आणि नळीखाली कापड धरूनच क्लिप सोडा. नळी इंजेक्शनची, आर-९ छापलेलीच घ्या, साधी पाण्याची किंवा पारदर्शक नळी चालत नाही, क्लिपा पण नव्या. एम-सील, टेफ्लॉन टेप असलं काही लावू नका. गाडी जुनी असेल तर सगळ्याच रबरी नळ्या तपासा, एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांचे पार्ट वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला चालतील असे येतात, त्याआधीच्या बऱ्याच गाड्यांचं रबर त्यासाठी बनवलेलं नाही.

सीएनजी किट असेल आणि वास घरच्या गॅससारखा येत असेल तर तो विषय वेगळा. सिलेंडरचा व्हॉल्व बंद करा, काचा खाली करा आणि किटवाल्याकडेच न्या, तिथे दोनशे बारचं प्रेशर असतं, त्याला घरी पाना लावायचा नाही. सिलेंडरची तीन वर्षांची टेस्ट झालीय का तेही विचारा.

काम झाल्यावर तार जोडा, फ्युज लावा, चावी तीन-चार वेळा ऑन-ऑफ करून प्रेशर भरू द्या, जोड कोरडे आहेत याची खात्री करा आणि मगच स्टार्ट. दुसऱ्या दिवशी सकाळी आणि पुढच्या वेळी टाकी फुल केल्यावर परत एकदा हुंगून बघा. गळती थांबूनही आत वास राहिला असेल तर तो कारपेटमध्ये मुरलेला असतो, मॅट बाहेर काढा, खायचा सोडा पसरून रात्रभर ठेवा, सकाळी झटकून गाडी दारं उघडी ठेवून उन्हात लावा.