दुसऱ्या मॉनिटरसाठी संगणक बदलताय? आधी या चुका टाळा

घोडबंदर रस्त्यावरच्या किंवा खारघरच्या फ्लॅटमध्ये घरून काम करणारा माणूस दुसरा मॉनिटर आणतो, केबल लावतो आणि त्याला पडदा काळा दिसतो किंवा पहिल्याच पडद्याची नक्कल दिसते. मग घरात लगेच निकाल लागतो की संगणक जुना झाला. बहुतेक वेळा हा निकाल चुकीचा असतो. संगणक किती मॉनिटर चालवू शकेल हे त्याच्या वेगापेक्षा त्याच्या ग्राफिक्सच्या मर्यादेवर आणि मागे असलेल्या पोर्टवर ठरते. फुल एचडी पडद्यावरचे एक संपूर्ण चित्र साधारण ८ एमबी जागेत मावते, त्यामुळे एक्सेल आणि ईमेल दाखवण्यासाठी आणखी एक पडदा जोडल्याने दहा वर्षांपूर्वीच्या संगणकावरही फारसा भार पडत नाही.

सर्वांत जास्त आढळणारी चूक केबल कुठे लावली याची असते. ज्याला आपण सर्रास ‘सीपीयू’ म्हणतो त्या कॅबिनेटच्या मागे, यूएसबी आणि नेटवर्कच्या जागांजवळ असलेले पोर्ट मदरबोर्डचे असतात, तर त्याखालच्या वेगळ्या पट्टीवरचे पोर्ट ग्राफिक्स कार्डाचे असतात. कार्ड बसवलेले असेल, तर अनेक मदरबोर्ड प्रोसेसरमधले अंतर्गत ग्राफिक्स आपोआप बंद करतात, आणि एक मॉनिटर वर व दुसरा खाली जोडणाऱ्याला एकच पडदा मिळतो. दोन्ही केबल कार्डालाच लावाव्यात. कार्डावर जागा नसेल तर बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, अंतर्गत ग्राफिक्स सुरू ठेवण्याचा पर्याय आहे का ते पाहावे. मात्र काही प्रोसेसरमध्ये अंतर्गत ग्राफिक्स मुळातच नसते. इंटेलच्या आय५-१२४००एफ सारख्या, नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेल्या प्रोसेसरवर मदरबोर्डचा एचडीएमआय पोर्ट शोभेपुरता उरतो. एएमडीच्या रायझन ५ ५६०० मध्ये ग्राफिक्स नाही, ५६००जी मध्ये आहे. एका अक्षराचा फरक, पण दुकानात तो क्वचितच सांगितला जातो. दोन्ही पडद्यांवर एकच चित्र दिसत असेल, तर विंडोज आणि पी ही बटणे एकत्र दाबून ‘एक्सटेंड’ निवडणे पुरेसे असते.

मागे तीन पोर्ट दिसतात म्हणून तीन मॉनिटर चालतील, हा हिशेबही फसवा आहे. इंटेलच्या दुसऱ्या पिढीतील अंतर्गत ग्राफिक्स एका वेळी दोनच पडदे चालवत असे. २०१२ मध्ये आलेल्या तिसऱ्या पिढीपासून तीन पडदे शक्य झाले, तेही पोर्टची योग्य जुळणी असेल तरच. आपल्या मॉडेलचे माहितीपत्रक पाहिल्याशिवाय तिसरा मॉनिटर मागवू नये. एका एचडीएमआय पोर्टला स्प्लिटर लावून दोन वेगळे पडदे मिळतील अशीही अनेकांची समजूत असते. साधा स्प्लिटर एकच चित्र दोन ठिकाणी दाखवतो, त्यापलीकडे काही करत नाही.

कन्व्हर्टरच्या बाबतीत दिशा महत्त्वाची आहे. संगणकाच्या डिस्प्लेपोर्टमधून (एचडीएमआयसारखाच चित्र पाठवणारा दुसरा पोर्ट) मॉनिटरच्या एचडीएमआयकडे जाणारी साधी केबल सहसा चालते, पण तीच उलटी लावून एचडीएमआयमधून डिस्प्लेपोर्टकडे जाता येत नाही. त्यासाठी आत चिप असलेला, म्हणजे सक्रिय कन्व्हर्टर लागतो आणि त्याला बहुधा यूएसबीमधून वेगळी वीज द्यावी लागते. जुना व्हीजीए मॉनिटर एचडीएमआयला जोडतानाही आत चिप असलेला कन्व्हर्टरच हवा. ४के मॉनिटर घेणाऱ्यांची तक्रार वेगळी असते: चित्र सुरेख दिसते, पण माऊस अडखळत चालतो. एचडीएमआय १.४ वर ४के चित्र सेकंदाला ३० वेळाच बदलते, ६० साठी एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट १.२ लागतो. अशा वेळी केबल डिस्प्लेपोर्टला हलवली की अनेकदा काम भागते.

ग्राफिक्स कार्ड घ्यायचेच ठरले, तर खरेदीपूर्वी कॅबिनेट उघडून मोजमाप घ्यावे. हे मी स्वतःच्या पैशांनी शिकलो. कंपनीच्या कार्यालयातून निघालेला, छोट्या कॅबिनेटचा रिफर्बिश्ड संगणक माझ्याकडे होता. लॅमिंग्टन रोडवरून कार्ड घेतले, गर्दीच्या लोकलमध्ये खोके छातीशी धरून ठाण्याला उतरलो आणि घरी आल्यावर कळले की या कॅबिनेटमध्ये अर्ध्या उंचीचे, म्हणजे ‘लो प्रोफाइल’ कार्डच बसते. उघडलेले खोके दुकानदाराने परत घेतले नाही, आणि त्यात त्याची चूक नव्हती. उंचीइतकाच विजेचा प्रश्न महत्त्वाचा असतो. मदरबोर्डच्या स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. त्याहून जास्त लागणाऱ्या कार्डाला एसएमपीएसमधून, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्यातून, स्वतंत्र वायर द्यावी लागते, आणि छोट्या कॅबिनेटचा एसएमपीएस कमी क्षमतेचा व अनेकदा खास आकाराचा असल्याने तो सहज बदलता येत नाही. कार्यालयीन कामाला अतिरिक्त वायर न लागणारे, दोन किंवा तीन पोर्टचे साधे कार्ड पुरते. फक्त स्वस्त म्हणून जीटी ७१० सुचवले जाते ते टाळावे, कारण त्या पिढीच्या कार्डांसाठीचे सुरक्षा अपडेट २०२४ मध्येच थांबले आहेत.

कार्ड बसवून पडदा आला नाही, तरी ते खराब आहे असे लगेच मानू नये. खाडीकाठच्या दमट हवेत जुन्या रॅमचे आणि कार्डाचे सोनेरी टोक काळवंडते. वीज बंद करून, ते काढून, खोडरबराने हलकेच पुसून पुन्हा बसवण्याचा आपल्या दुरुस्तीवाल्यांचा उपाय अजूनही कामी येतो.

दुसरा मॉनिटर लावल्यावर संगणक मंदावला, ही तक्रार खरी असते पण दोष पडद्याचा नसतो. जागा मिळाली की माणूस जास्त गोष्टी उघडतो. नौपाड्यातील एखाद्या करसल्लागाराकडे एका पडद्यावर टॅली, दुसऱ्यावर जीएसटीचे पोर्टल आणि ब्राउझरचे तीस टॅब उघडे असतील, तर ८ जीबी रॅम भरणारच. टास्क मॅनेजर उघडून मेमरीचा आकडा पाहावा. रॅमची एकच पट्टी असेल तर तशीच दुसरी पट्टी योग्य स्लॉटमध्ये घातल्याने दुहेरी फायदा होतो, कारण अंतर्गत ग्राफिक्स हीच मेमरी वापरते आणि दोन पट्ट्यांवर ते अधिक वेगाने चालते. अजूनही जुनी हार्ड डिस्क असेल, तर पहिला खर्च एसएसडीवरच करावा.

कॅबिनेट उघडायचेच नसेल, तर यूएसबीवर चालणारा डिस्प्लेलिंक अडॅप्टर हा मधला मार्ग आहे. त्यात चित्राचा डेटा संकुचित करून पाठवण्याचे काम प्रोसेसरला करावे लागते, म्हणून तो खेळांसाठी किंवा व्हिडिओ संकलनासाठी योग्य नाही, पण कागदपत्रे आणि तक्ते पाहण्यासाठी पुरेसा आहे.

संगणक खरोखर बदलण्याचे कारण वेगळेच असते. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ साठी अधिकृतपणे इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर व टीपीएम २.० हा सुरक्षा घटक लागतो. चौथ्या पिढीच्या यंत्रात मॉनिटरसाठी नवे कार्ड घालणे म्हणजे भाड्याच्या घराला स्वखर्चाने फरशी बसवण्यासारखे आहे. तिथे तो पैसा नव्या संगणकासाठी बाजूला ठेवावा. आठव्या पिढीपुढचे यंत्र असेल, तर केवळ दुसऱ्या मॉनिटरसाठी ते विकण्याचे कारण मला दिसत नाही.

शंका उरली, तर मॉनिटर विकत घेण्यापूर्वी कॅबिनेट आणि आपला मॉनिटर उचलून दिवाणखान्यात न्यावा, टीव्ही एचडीएमआयने जोडून दोन्ही पडद्यांवर एक दिवस नेहमीचे काम करून पाहावे. घरच्यांची मालिका तेवढा एक दिवस बुडेल, त्याची परवानगी आधी घ्यावी.