कमी ऐकू येणाऱ्यांसाठी घरातील सुरक्षितता: सुरुवात रात्रीपासून करावी

कानांनी कमी ऐकू येऊ लागले की घरात टीव्हीच्या वाढलेल्या आवाजाची चर्चा होते, परंतु खरी काळजी रात्रीची करायला हवी. झोपताना श्रवणयंत्र काढून डबीत ठेवले जाते, आणि घरातील धोक्याचे इशारे मात्र केवळ आवाजाच्याच भरवशावर राहतात.

स्मोक अलार्मचेच, म्हणजे धूर होताच वाजणाऱ्या यंत्राचेच, उदाहरण घ्यावे. नेहमीच्या अलार्मचा आवाज साधारण ३,००० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे बारीक आणि चिरका असतो. वयोमानानुसार येणाऱ्या बहिरेपणात सर्वांत आधी हेच वरच्या पट्टीतले आवाज ऐकू येईनासे होतात. त्यामुळे समोरासमोरच्या गप्पा नीट कळणाऱ्या व्यक्तीलाही तो झोपेत ऐकू येईलच, असे धरून चालू नये. थोडेफार ऐकू येत असेल तर ५२० हर्ट्झचा, खालच्या पट्टीतला आवाज काढणारा अलार्म निवडावा. बहिरेपणा जास्त असेल तर अलार्मला जोडलेली, उशी किंवा गादीखाली ठेवायची थरथरणारी चकती घ्यावी. नुसत्या लुकलुकणाऱ्या दिव्यावर विसंबणे मला योग्य वाटत नाही, कारण मिटलेल्या डोळ्यांना आणि कूस बदलून झोपलेल्या माणसाला तो सहज जागे करत नाही.

हे सारे बसवल्यावर एकदा खरी चाचणी घ्यावी. श्रवणयंत्र काढावे, खोलीचे दार रोजच्यासारखे लावावे, रोज ज्या कुशीवर झोपता त्याच कुशीवर पडून राहावे आणि घरातील दुसऱ्या कोणाला तरी, वेळ न सांगता, अलार्मचे चाचणीचे बटण दाबायला सांगावे. तुम्ही जागे असतानाही काही जाणवले नाही, तर झोपेत जाणवणार नाही. अलार्म चालू आहे की नाही हे पाहण्यासाठी बटण दर महिन्याला दाबावेच. साधारण १० वर्षांनी संपूर्ण अलार्म बदलावा लागतो.

रात्री हाताला लागेल अशा एकाच ठरलेल्या जागी श्रवणयंत्र, चष्मा, विजेरी आणि मोबाइल ठेवावा. खोलीपासून बाथरूमपर्यंत मंद दिवा चालू असू द्यावा. कान आणि तोल यांचे नाते जवळचे आहे, आणि ज्यांना कमी ऐकू येते त्यांना अंधारात डोळ्यांचाच आधार असतो.

स्वयंपाकघरात गॅस गळताना होणारी सूं अशी आवाजाची खूण किंवा उघडा राहिलेला नळ कळत नाही. म्हणून शेगडी पेटवल्यावर मनगटावर थरथरणारा टायमर लावावा आणि ओटा सोडताना शेगडीच्या बटणांवरून एकदा हात फिरवावा. वासही कमी येत असेल तर गॅस ओळखणारा अलार्म आवश्यकच आहे, आणि त्याचाही इशारा दिव्याने व थरथरीने मिळेल, असा पाहून घ्यावा. दाराच्या बेलला घरात दिसेल असा दिवा जोडता येतो.

श्रवणयंत्राचे लहान, बटणासारखे चपटे सेल गोळ्यांच्या डबीजवळ कधीही ठेवू नयेत. अंधूक उजेडात औषधाची गोळी समजून ते गिळले गेल्याची उदाहरणे आहेत, आणि लहान मुले तर ते नाकाकानातही घालतात. असे घडल्यास त्रास जाणवण्याची वाट न पाहता ताबडतोब रुग्णालय गाठावे, आणि सेलचे वेष्टन सोबत न्यावे, म्हणजे डॉक्टरांना त्याचा आकार आणि प्रकार लगेच कळेल.