पंखा फिरत होता, मी स्वतः बघितला होता

औंध आयटीआयमधून मोटार मेकॅनिक करून एसीच्या कामाला लागलो तेव्हा माझ्या डोक्यात एकच समीकरण होतं: कूलिंग कमी म्हणजे गॅस कमी. एप्रिल-मेत बऱ्याच गॅरेजांत हेच चालतं. गाडी आली, गॅस मारला, गाडी गेली. गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, कमी झाला तर कुठूनतरी गळलाय, हे मीही शिकलो होतो. परीक्षेत लिहिलंही होतं.

एक काका छोटी हॅचबॅक घेऊन आले. म्हणाले, "एक्सप्रेसवेवर गारठतं रे, पण स्वारगेटच्या सिग्नलला घाम फुटतो." निदान त्या एका वाक्यातच होतं, आणि मी ते गप्पा समजून सोडून दिलं. गाडी ट्रॅफिकमधून तापून आलेली. बॉनेट उघडलं तर पुढचा फॅन जोरात फिरतोय. म्हणजे फॅन ओके. निळा होज (कमी दाबाच्या बाजूचा) लावला, दाबाचा काटा 28 पीएसआयवर. लाल होजच्या (जास्त दाबाच्या बाजूच्या) फिटिंगपर्यंत हात पोचेना, म्हणून तो लावलाच नाही. 28 मला कमी वाटला (कमी नव्हता, अगदी बरोबर होता). वजनकाटा न लावता अंदाजाने शंभरेक ग्रॅम आत ढकलला. जी गाडी सगळा मिळून 400 ग्रॅमच्या आसपास घेते, तिच्यात.

तीन दिवसांनी काका परत. आता सिग्नलला कॉम्प्रेसरच कट होत होता.

उस्तादांनी काहीच खोललं नाही. गाडी रात्रभर उभी ठेवली. सकाळी थंड इंजिनवर एसी लावला, दोन्ही होज लावले आणि मला म्हणाले, "फॅन बघ." फॅन ढिम्म. लाल काटा 300 ओलांडून गेला आणि कॉम्प्रेसरचा क्लच सुटला, म्हणजे कॉम्प्रेसर बंद. मग त्यांनी कंडेन्सरवर, म्हणजे गॅस थंड करणाऱ्या पुढच्या जाळीवर, बादलीभर पाणी मारलं. लाल काटा खाली, आत गार हवा.

इथे नीट थांबून वाचा. त्या गाडीत फॅनला दोन स्पीड होते. एसी लावला की तो रेझिस्टरमधून हळू फिरायला हवा, आणि इंजिन जास्त तापलं की थेट करंट मिळून जोरात. रेझिस्टर गेलेला, म्हणून हळू स्पीड मेलेला आणि जोराचा जिवंत. मी पाहिला तो इंजिनसाठी फिरणारा फॅन होता, एसीसाठी नाही. इंजिन तापत नव्हतं, त्यामुळे काकांनाही शंका आली नाही. हायवेवर समोरून वारा मिळतो, म्हणून तिथे गारवा. सिग्नलला वारा नाही, फॅन नाही, मग कंडेन्सरमधला गॅस थंड होऊन द्रव कसा होणार? वर माझा शंभर ग्रॅम जादा.

म्हणून फॅन नेहमी थंड इंजिनवर, एसी लावून तपासा. आणि बोटं लांब ठेवा, तो न सांगता सुरू होतो.

रेझिस्टर नाना पेठेत स्वस्तात मिळाला. गॅस काढणं, व्हॅक्यूम आणि वजनावर पुन्हा भरणं यांचे पैसे माझ्या पगारातून गेले. उस्तादांचा राग आला होता, खोटं कशाला बोलू. पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर? "बघून शीक" हे मला आजही निम्मं शहाणपण आणि निम्मा आळस वाटतं. पण मोबाइलवर तीन मिनिटांत गॅस भरायला शिकवणाऱ्यांपेक्षा ते परवडले. तुम्हाला शिव्या देणारा पण दोन्ही काटे लावणारा उस्ताद मिळाला तर टिकून राहा.

बाकीचं हळूहळू बसतं, घाबरू नका. दोन्ही काटे कमी असतील तर गळती शोधा. निळा जास्त आणि लाल कमी, तर कॉम्प्रेसर थकलाय. निळा व्हॅक्यूमकडे ओढत असेल तर गॅस मोजून पुढे सोडणारा एक्सपान्शन व्हॉल्व्ह संशयित. त्यातही थोडा वेळ गार, मग बंद, मग थांबवून लावला की परत गार असं होत असेल, तर आत ओलावा जाऊन बर्फ धरतोय, ओलावा शोषणारा ड्रायर बदला. आणि काटे ठीक असून हवाच कमी येत असेल तर आधी केबिन फिल्टर काढून बघा. परवा एकात उंदराचं घरटं निघालं.