प्रकाशसंश्लेषण शिकवताना समीकरण शेवटी लिहा

प्रकाशसंश्लेषणाचा तास बहुतेक ठिकाणी फळ्यावरच्या समीकरणाने सुरू होतो. मुलं ते घोकतात, पेपरात बिनचूक उतरवतात. आणि ‘झाडाचं अन्न कोणतं?’ असं विचारलं की ‘खत’ म्हणून मोकळी होतात. म्हणून माझा आग्रह आहे, आधी मुलांना पान नीट बघू द्या. त्याला तीन तास पुरतात.

तयारी मात्र तीन दिवस आधीपासून लागते. पांढरे चट्टे असलेल्या मनीप्लांटची कुंडी बंद कपाटात ठेवा. पानात साठलेला स्टार्च, म्हणजे झाडाने बनवलेल्या अन्नाचा साठा, झाड अंधारात वापरून टाकतं. स्टार्च आयोडीनने निळाकाळा होतो आणि तिसऱ्या तासाचा प्रयोग त्यावरच उभा आहे, तेव्हा ही पायरी गाळली, तर त्या प्रयोगाला काही अर्थ उरत नाही. (कांद्याची पात या प्रयोगाला घेऊ नका. तिच्या पानात अन्न साखरेच्या रूपात राहतं, त्यामुळे आयोडीनने ती निळी होत नाही आणि मुलं भलताच निष्कर्ष काढतात.)

पहिल्या तासाला लाकडाचा एक ओंडका घेऊन जा. तो मुलांच्या हातात द्या आणि विचारा, ‘हे वजन आलं कुठून?’ बहुतेक हात ‘मातीतून’ म्हणतील. मग व्हॅन हेल्मॉन्ट या शास्त्रज्ञाचा प्रयोग सांगा. १७व्या शतकात त्याने २०० पौंड कोरड्या मातीत ५ पौंडांचं विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड १६९ पौंडांच्या वर गेलं, माती घटली जेमतेम २ औंस. त्याने ठरवलं, झाड पाण्यापासून बनलं. तोही अर्धाच बरोबर होता. हवेचं नाव कोणी घेतं का ते बघा. नाही घेतलं तरी उत्तर सांगू नका, प्रश्न घरी जाऊ द्या.

दुसरा तास सूक्ष्मदर्शीचा, आणि इथे घाई करू नका. मासे विकणाऱ्या ॲक्वेरियमच्या दुकानात हायड्रिला ही पाणवनस्पती मिळते. तिचं पान पेशींच्या दोनच थरांचं असतं, त्यामुळे छेद घ्यावा लागत नाही. शेंड्याजवळचं एक पान चिमट्याने काढून काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवा, कव्हर स्लिप तिरकी टेकवून हळूच सोडा. तरी एखादा बुडबुडा राहतोच, आणि काळ्या जाड कडेचा तो गोल म्हणजेच पेशी, असं पहिला मुलगा ठामपणे सांगतो. तेव्हा आधी बुडबुडा दाखवून ठेवा. आता विटांच्या भिंतीसारख्या पेशी दिसतील आणि त्यांत हिरवे दाणे. तीच हरितलवकं, हरितद्रव्य त्यांतच असतं. एका मिलिमीटरात अशी साधारण २०० ओळीने बसतील.

दिव्याच्या उजेडात काही मिनिटं थांबा. पानाच्या मधल्या शिरेजवळ हे दाणे पेशीच्या कडेकडेने सरकताना दिसतात, वारीतल्या रिंगणासारखे. पेशीतला द्रव त्यांना फिरवत असतो. शेजारी कांद्याच्या पापुद्र्याची काचपट्टी ठेवा. पेशी तशाच, पण हिरवा दाणा एकही नाही. ‘का नाही?’ हे मुलांनीच सांगावं. कांदा कुठे वाढतो ते त्यांना ठाऊक आहे.

तिसरा तास दिवसातला शेवटचा घ्या. सकाळीच एका पानाला दोन्ही बाजूंनी काळ्या कागदाची पट्टी लावून कुंडी उन्हात ठेवा. सहाएक तास ऊन मिळायला हवं. पान तोडलं की त्याची आकृती काढून घ्या, हिरवा भाग, पांढरा भाग आणि पट्टी कुठे होती ते. मग पान मिनिटभर उकळत्या पाण्यात घाला. त्यानंतर ज्योत पूर्ण विझवा आणि मगच स्पिरिटची बाटली उघडा. पान स्पिरिटच्या परीक्षानळीत घालून नळी त्या गरम पाण्यात उभी करा. स्पिरिट आचेवर कधीही ठेवू नका, ते पटकन पेट घेतं. पाणी निवलं तर दुसरं गरम पाणी घ्या. स्पिरिट हिरवं होतं, पान फिकट. ते कडक होतं, म्हणून कोमट पाण्यात बुडवून बशीत पसरा आणि पातळ केलेलं टिंचर आयोडीन थेंबाथेंबाने सोडा.

हिरवा भाग निळाकाळा होतो. पांढरे चट्टे आणि पट्टीखालची जागा पिवळट तपकिरीच राहते. आकृतीशी ताडून बघायला सांगा: हरितद्रव्य लागतं आणि प्रकाशही लागतो, हे एकाच पानाने दाखवलं.

आता समीकरण लिहा. हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि मुळांतून आलेलं पाणी यांची साखर होते, आणि ऑक्सिजन सुटतो तो पाण्यातला, कार्बन डायऑक्साइडमधला नव्हे. रुबेन आणि केमन या शास्त्रज्ञांनी १९४१ साली जड ऑक्सिजन (ऑक्सिजनचाच जास्त वजनाचा प्रकार) वापरून हे दाखवलं. ओंडका पुन्हा हातात द्या आणि पहिलाच प्रश्न विचारा.

‘पिंपळ रात्रीही ऑक्सिजन देतो ना?’ हे कोणीतरी विचारणारच. अंधारात ऑक्सिजन सुटतो का, हे मुलांनाच बघू द्या. पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा विरघळवून त्यात हायड्रिलाची ताजी तोडलेली फांदी उलटी बुडवा. ग्लास उन्हात ठेवून देठातून मिनिटाला किती बुडबुडे येतात ते मुलांना मोजू द्या, मग ग्लास कपाटात ठेवून काही वेळाने पुन्हा मोजायला सांगा.